सिंहगड ते रायगड, एकट्याने: आधी उतरायला शिक

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 26, हिंजवडीत नोकरी, तीन वर्षं ग्रुपबरोबर ट्रेक चालू आहेत. कात्रज ते सिंहगड चार वेळा, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने एकदा. आता डिसेंबरात सुट्टी टाकून सिंहगड-राजगड-तोरणा-रायगड चार दिवसांत एकट्याने करायचा आहे. सॅक किती वजनाची असावी, तंबू न्यावा का, पाणी कुठे मिळतं, बोराट्याची नाळ एकट्याने उतरता येईल का, असं विचारलंय. आणि शेवटी एक ओळ: "सर, आई नको म्हणते. तिला कसं पटवू?"

सर वगैरे नको. माझा मुलगा तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे, म्हणून 'तू'च म्हणतो.

आधी नाळेचं बोलू, कारण बाकी सगळं तिच्यामागून येतं. बोराट्याची नाळ एकट्याने उतरू नकोस. तू नळीची वाट केलीस असं लिहिलंयस, पण ती तू चढलास. पायथ्याच्या बेलपाड्याहून वर आलास आणि गडावरून सोप्या वाटेने खाली गेलास, बहुतेक जण तसंच करतात. चढताना डोळे, हात आणि दगड एका रेषेत असतात. ज्याला धरायचं तो दगड समोर दिसतो, हलवून बघता येतो. उतरताना तोच दगड पायाखाली, सॅकच्या आड असतो आणि सगळं वजन आधीच त्याच्यावर पडलेलं असतं. चढताना माणूस दमतो. पडतो तो उतरताना, आणि तेही दुपारनंतर, गुडघे थरथरायला लागल्यावर. बोराट्याची नाळ म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली उभी घळ, रायगडासमोरच्या लिंगाणा सुळक्याच्या खांद्याशी नेणारी. बरोबर माणूस असला तर ती सुंदर आहे. एकटा असशील आणि एखादा धोंडा फिरून घोटा अडकला, तर तुझी शिट्टी ऐकायला दोन्ही बाजूंना फक्त कडे आहेत.

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे मी हे पुस्तकातून सांगत नाहीये हे कळेल. वीसेक वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, तोरण्याहून मोहरी गावाकडे एकटाच निघालो होतो. गवत छातीपर्यंत. वाटेतल्या हारपूड गावाच्या अलीकडे कुठेतरी मळलेली वाट सुटली आणि मी गुरांच्या वाटेला लागलो. गुरांची वाट फसवी असते, चांगली अर्धा तास माणसाच्या वाटेसारखी वागते आणि मग एकदम चार फाटे फुटून गवतात विरते. खाली ओढा दिसत होता. म्हटलं, ओढ्याने उतरलं की गाव लागेलच. ओढा कोरडा होता, छान पायऱ्या-पायऱ्यांचा. एका ठिकाणी पुरुष-दीड पुरुष उंचीचा टप्पा आला. आधी सॅक खाली टाकली, मग मी लोंबकळून उडी मारली. वीस पावलं पुढे गेलो आणि जमीनच संपली. पावसाळ्यात जिथे धबधबा कोसळतो त्याच्या माथ्यावर मी उभा होतो. मागे वळलो तर मघाचा टप्पा गुळगुळीत, वर चढता येईना. रात्र त्या दोन टप्प्यांच्या मधे काढली. घरी कुणाला वाट सांगितली नव्हती, नुसतं "तोरण्याला जातोय" एवढंच.

सकाळी गुरं घेऊन आलेल्या एका धनगरबाबांनी शिट्टी ऐकली. बैलाचं दावं सोडून मला वर घेतलं. वर आल्यावर ना रागावले, ना हसले. एवढंच म्हणाले, "पान्याची वाट ही. मानसाची न्हाई."

ते वाक्य मला पुढे कळलं, सह्याद्रीचा दगड समजायला लागल्यावर. आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांचे आहेत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास एकावर एक पसरलेले. कठीण थर झिजत नाही, तो कडा होऊन उभा राहतो. मऊ थर झिजतो, तिथे पदर तयार होतो, माती साचते, झाडी वाढते. म्हणून लांबून बघितलं तर डोंगर केकसारखा दिसतो: कडा, पदर, कडा, पदर. माणसांनी आणि जनावरांनी शेकडो वर्षांत वाटा पाडल्या त्या पदरातून आडव्या जातात आणि जिथे कड्याला खिंड किंवा नाळ सापडते तिथेच खाली उतरतात. पाण्याला ही सोय बघायची गरज नाही, ते सरळ कड्यावरून उडी टाकतं. हिमालयात वाट चुकलेल्याला नदी धरून खाली जा म्हणतात की नाही, ते तिथल्या लोकांना विचार. इथे वाट चुकली तर वर चढायचं. जिथे शेवटचं खात्रीने माहीत होतं की आपण वाटेवर आहोत, तिथपर्यंत. कितीही जीवावर आलं तरी.

त्यातूनच माझा एक नियम झाला आणि आजपर्यंत तो मी मोडलेला नाही. ज्या टप्प्यावरून परत वर चढता येणार नाही, तो टप्पा एकट्याने उतरायचा नाही. उडी मारायची नाही, घसरत जायचं नाही, सॅक आधी खाली टाकायची नाही. सॅक खाली गेली की माणूस मागे जायला तयार होत नाही, हे विशेष लक्षात ठेव.

आता तुझ्या आखणीकडे येतो. चार दिवस कमी आहेत. चार दिवसांत हे करणारे लोक आहेत, पण एकतर ते हलक्या सामानाने पळतात, नाहीतर ग्रुप असतो आणि जेवणाची गाडी पुढे गेलेली असते. एकट्याने सहा दिवस धर. पहिला दिवस पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड, मग कल्याण दरवाज्याने बाहेर पडून दांडावरून, म्हणजे डोंगराच्या लांब सोंडेवरून, विंझर गावापर्यंत. हा दिवस लोक हलक्यात घेतात, कारण सिंहगड म्हणजे रविवारची भजी. पण कल्याण दरवाजा सोडला की ती सावली आणि ती गर्दी मागे राहते आणि तो दांड उन्हात भाजून काढतो. विंझरला नाहीतर मार्गासनी-साखर करत राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी चोर दरवाज्याने राजगड, आणि त्या दिवशी पुढे जायचं नाही. सुवेळा माची बघ, संजीवनी बघ, बालेकिल्ल्यावर जाऊन ये. जो गड महाराजांची वीसहून अधिक वर्षं राजधानी होता, त्याला दोन तासांत ओलांडून जायचं असेल तर रायगडापर्यंत एसटीने गेलेलं काय वाईट? (2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले जे गड गेले त्यांत राजगड आणि रायगड आहेत, सिंहगड आणि तोरणा नाहीत. तोरण्याच्या वतीने मला अजून थोडा राग आहे.)

तिसरा दिवस राजगड ते तोरणा. संजीवनी माचीच्या आळू दरवाज्यातून उतरायचं, धार, म्हणजे डोंगराचा अरुंद माथा, धरायची, मधे भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता ओलांडायचा आणि पुन्हा धारेने तोरण्याच्या बुधला माचीकडे चढायचं. सहा-सात तास धर. या धारेवर पाणी नाही असंच समज. एखाद्या झापात, धनगराच्या झोपडीत, ताक मिळालं तर तुझं नशीब, पण नशिबावर बाटली भरत नाही. तोरण्याखालचा शेवटचा चढ मुरमाड आहे, बूट सरकतात. तिथे कारवीच्या झुडपाला धरावंसं वाटेल. धर, पण मुळाशी धर. वरचा वाळलेला दांडा हातात येतो आणि तू जातोस.

चौथा दिवस बुधल्याच्या बाजूने भट्टीला उतरून हारपूड, मोहरी. हा सगळ्यात लांबचा आणि वाट चुकायला सगळ्यात सोयीचा दिवस, माझं वर सांगितलंच. इथे गावात विचारल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. आणि विचारायचं कसं तेही सांगतो. "मोहरीची वाट हीच ना?" असं विचारलं की समोरचा माणूस 'हो' म्हणतो, तुझं मन मोडायला नको म्हणून. "मोहरीला कसं जायचं?" असं विचार आणि गप्प राहा. मग तो सांगतो: वडापासून वर, ताशीव दगड लागला की डाव्या अंगाला. त्याने सांगितलेली खूण तुला वाटेत दिसली नाही तर तू चुकला आहेस. किती वेळ लागेल हे मात्र त्याला विचारू नकोस. त्याचा अर्धा तास म्हणजे तुझे दोन.

पाचव्या दिवशी मोहरीतून किंवा जवळच्या सिंगापूर गावातून वाटाड्या घे आणि सिंगापूर नाळेने कोकणात उतर. ती बोराट्यापेक्षा सौम्य आहे. जायच्या आधी रायलिंगच्या पठारावर जाऊन लिंगाणा आणि त्याच्यामागे रायगड बघून ये, सकाळच्या उन्हात. एकट्याने करायचं ठरवलं आणि वाटाड्या घेतला तर ते 'सोलो' राहत नाही, असं तुला वाटत असेल. मलाही तुझ्या वयात वाटायचं. त्या वाटांवर शतकानुशतकं कुणीही माहीतगाराशिवाय गेलेलं नाही. मीठ घेऊन चढणारे बैल गेले, फौजा गेल्या, वऱ्हाडं गेली, सगळी माणसं विचारत गेली. साडेपाच दिवस तू एकटा आहेस, अर्धा दिवस गावचा एक माणूस पुढे चालेल. त्याला दिवसाची मजुरी आधी विचारून पूर्ण दे, आणि परत चढून जायला त्याला किती वेळ लागेल ते बघून सकाळी लवकर निघ. सहाव्या दिवशी काळ नदीच्या खोऱ्यातून रायगडवाडी आणि वर.

ही झाली पूर्ण वाट. पण तू डिसेंबरात थेट ही करू नयेस असं माझं मत आहे. नोव्हेंबरात आधी फक्त राजगड-तोरणा एकट्याने कर, दोन दिवस. गुंजवण्याला एसटी-जीप आहे, तोरण्याखाली वेल्ह्याला आहे, मधे डांबरी रस्ता आहे, म्हणजे तीन ठिकाणी सोडून देता येतं. आणि शनिवार-रविवारी जा. गर्दीला नाकं मुरडू नकोस. पहिल्यांदा एकटं जाताना धारेवर मागेपुढे शंभर माणसं असणं ही चैन आहे. त्याच्याही आधी सिंहगडावर तयारी करायची. पुण्यातली माणसं आतकरवाडीतून किती मिनिटांत चढलो ते एकमेकांना सांगत असतात. तुला चढण्याची वेळ नको. बारा किलो सॅक पाठीवर घेऊन एका सकाळी दोनदा चढ-उतर कर आणि दुसऱ्यांदा उतरताना तुझे पाय काय म्हणतात ते ऐक. उतरून झाल्यावर पायऱ्यांवर एका पायावर उभा राहा. गुडघा डगमगत असेल तर अजून महिनाभर सराव हवा. रोज सिंहगड शक्य नसेल तर पर्वतीच्या 103 पायऱ्या आहेतच, सॅक घेऊन गेलास तर आजोबा लोक दोन दिवस विचारतील, मग सवय होते त्यांनाही.

सामानाचं पटकन. पाण्यासकट बारा किलोच्या वर सॅक गेली की काहीतरी काढ. तंबू नको. देऊळ आहे, शाळेची पडवी आहे, ओळख काढली की कुणाचं तरी ओसरीवरचं घोंगडं आहे. गावात पोचल्यावर पोलीस पाटलांना किंवा शाळेत विचारून मगच पथारी टाकायची, एकट्या अनोळखी माणसाने तर नक्कीच. गडावर राहू देतात की नाही याचे नियम बदलत असतात, ते पायथ्याच्या गावात विचार. नाही म्हणाले तर गावात झोप, पहाटे चढ. स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट, एक प्लॅस्टिकचा कागद. हेडटॉर्च आणि तिचे जादा सेल. शिट्टी सॅकच्या पट्ट्यावर, सॅकच्या आत नाही. बूट नवे नकोत. महागही नकोत, आपल्याकडच्या मुरमावर आणि कातळावर ते अ‍ॅक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंगचे बूट अर्ध्या महाराष्ट्राने घातलेत आणि ते धरतात. निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं काप. हे वाचून हसशील, भट्टीच्या उतारावर आठवेल.

खाणं: दशम्या तीन दिवस टिकतात, बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, खजूर, चिक्की. स्टोव्ह पहिल्यांदा नेऊच नकोस. संध्याकाळचं जेवण गावात सांगायचं, पिठलं-भाकरी मिळते आणि पैसे घेत नाहीत म्हणाले तरी द्यायचे. देवळात झोपलास तर खाण्याची पिशवी दोरीला लटकव. राजगडावर रात्री उंदीर सॅक कुरतडतात आणि सकाळी माकडं उरलेलं नेतात. तोरण्याच्या मेंगाईच्या देवळात भूत असल्याच्या गोष्टी तू ऐकल्या असशीलच. मी तिथे बऱ्याच रात्री काढल्यात. जे खुडबुडत होतं त्याला शेपूट होती.

पाण्यासाठी चार लिटर मावेल इतक्या बाटल्या ने. त्यांतला एक लिटर वेगळ्या बाटलीत, आणि तो गाव डोळ्यांना दिसेपर्यंत प्यायचा नाही. राजगडावर पद्मावती माचीवर टाकी आहेत, तोरण्यावरही टाकी आहेत, डिसेंबरात त्यांत पाणी असतं. फडक्याने गाळ आणि क्लोरीनची गोळी टाक. ओआरएसची पाकिटं घे, थंडी असली तरी. डिसेंबरातली दुपार दांडावर एप्रिलसारखीच लागते आणि रात्री वारा सुटला की दात वाजतात, हे दोन्ही एकाच दिवशी होतं.

दोन गोष्टींना मात्र मी अजून भितो. एक आग्या मोहोळ. गडांच्या कड्यांना ती लटकलेली असतात. अत्तर, डिओ, सिगारेट, शेकोटीचा धूर, मोठ्याने आरडाओरडा, यातलं काहीही तिथे नको. उठलीच तर हातवारे न करता डोकं-तोंड झाकून लांब निघायचं, पण समोर कडा आहे का ते बघून. दुसरं फुरसं, हा विषारी साप. दगडांच्या कपारीत असतं, रंगाने दगडासारखंच. जिथे नजर पोचत नाही तिथे हात घालायचा नाही, आणि बसायच्या आधी काठी आपटायची. चावलंच तर ब्लेड नाही, चोखणं नाही, करकचून बांधणं नाही. तो अवयव हलू द्यायचा नाही, 108 लावायचा आणि सावकाश जवळच्या माणसांकडे जायचं. प्रतिविष सरकारी दवाखान्यात मिळतं, मांत्रिकाकडे नाही. डोंगरात अडकलास तर महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांचा क्रमांक फोनमध्ये आणि एका कागदावरही लिहून ठेव. फोन दिवसभर विमान मोडवर, माथ्यावर आलं की चालू करायचा. धारेवर रेंज मिळते, दरीत नाही. फोनमधली नकाशावरची रेघ कुणीतरी गवत नसताना चालून केलेली असते. ती बघ, पण पायाखाली वाट दिसत नसेल तर रेघेवर विश्वास ठेवून उतरू नकोस.

रात्रीबद्दल तू विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगतो. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो. म्हणजे तेरा तास अंधार. ग्रुपमध्ये ते गाण्यांत आणि चहात जातात. एकट्याला आठ वाजता वाटतं की मध्यरात्र झाली. पहिल्या रात्री मन वाटेल ते दाखवतं, दुसऱ्या रात्री कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की झोप लागते. एक वही ने. दुसऱ्या दिवशीची वाट त्या रात्री लिहून काढ: किती वाजता निघणार, कुठे पोचणार, आणि किती वाजेपर्यंत तिथे पोचलो नाही तर मागे फिरणार. हा शेवटचा आकडा संध्याकाळी शेकोटीशेजारी बसून लिहायचा असतो. दुपारी तीन वाजता दांडावर ठरवायला गेलास तर मन 'अजून थोडं' एवढंच म्हणतं.

आता आई. तिला पटवायचं नाही, तिला कामाला लावायचं. सगळी आखणी एका कागदावर लिहून तिच्या हातात दे: रोजचं मुक्कामाचं गाव, कुठल्या माथ्यावरून किती वाजता फोन येईल, कुठे रेंज नाही म्हणून येणार नाही, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर तिने कुणाला लावायचा. ती वेळ तू आणि तिने मिळून ठरवा. ठरलेल्या वेळेच्या आधी तिने घाबरायचं नाही आणि ठरलेल्या वेळेनंतर तू "रेंज नव्हती" म्हणायचं नाही. बोराट्याची नाळ या कागदावर नाही हे तिला दाखव. माझ्या आईला मी असा कागद कधी दिला नाही. त्या ओढ्यातल्या रात्रीनंतर घरी आलो तेव्हा ती दारातच बसलेली होती, काही बोलली नाही, पाणी तापवायला ठेवलं.

रायगडावरून उतरलास की पाचाडला जिजाऊंच्या समाधीशी थांब आणि तिथून घरी फोन कर, मग जेव. महाडहून पुण्याची एसटी मिळेल. खिडकीची जागा धर, आणि सहा दिवसांनंतर कितीही वाटलं तरी गाडीत बूट काढू नकोस.